भो (खान्देशी संबोधन)

भो : समवयस्काला, मित्राला आणि कित्येकदा अनोळखी माणसालाही उद्देशून खान्देशात वापरला जाणारा बोलीतला शब्द. ‘काय भो’, ‘हाव ना भो’ (हो ना), ‘चाल ना भो’ ही त्याची रोजची रूपे. जळगावच्या माणसाची तर ती ओळखच झाली आहे.

संस्कृतातल्या ‘भोः’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण ‘भोः’ हा ‘भवत्’ या आदरार्थी शब्दाच्या कुळातला आणि नाटकांत बहुधा बोलण्याच्या आरंभी येणारा. खान्देशी ‘भो’ बोलण्याच्या शेवटी येतो आणि त्याची जोडी ‘तू’शी. शेजारच्या वऱ्हाडात ‘भाऊ’चे ‘भौ’ झालेले सर्रास ऐकू येते; तिथून ‘भो’ फार लांब नाही. म्हणून मूळ शब्द ‘भाऊ’ मानणेच सयुक्तिक. कोल्हापूरकडचा ‘भावा’ही याच नात्यातला, पण त्याने व्याकरणातले संबोधनाचे रूप राखले आहे. ‘भो’ त्याच्याही पुढे गेला. ‘भावाला सांग’ म्हणतात, ‘भोला सांग’ कुणी म्हणत नाही. विभक्ती गळाली, नामपण गेले, नुसती हाक उरली.

या हाकेचा अर्थ बराचसा सुरात असतो. आखूड ‘काय भो’ ही रस्त्यातली विचारपूस. तेच शब्द लांबवले की तक्रार : कबूल करून आला नाहीस. ‘नाही ना भो’मध्ये विनवणी असते, ‘जाऊ दे ना भो’मध्ये समजूत. भरिताच्या पंगतीत आग्रह करणारा आणि पुरे म्हणणारा, दोघेही एकमेकांना ‘भो’च म्हणतात. बाजारातही ‘कसे दिले भो वांगे?’ असे विचारले की घासाघीस आपुलकीने सुरू होते.

खान्देशाची बोली एक नाही. भाषातज्ज्ञ जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ साली खान्देशीला, म्हणजे मुख्यतः अहिराणीला, मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या खंडात जागा मिळाली. यावल, रावेर, भुसावळकडची लेवा गणबोली (लेवा पाटील समाजाची बोली) मात्र वऱ्हाडीला जवळची. अहिराणी बोलणारा ‘काय करी राहिना भो?’ विचारतो, लेवा बोलीत ‘काय करून रायला भो?’ होते, शहरी मराठीत ‘काय करतोय भो?’. क्रियापद बदलते, ‘भो’ तसाच राहतो. इतक्या वेगळ्या बोलींना जोडणारा एवढा छोटा शब्द दुसरा क्वचितच सापडेल.

बाहेरच्यांना तो कधी कधी उर्मट वाटतो. हा समज चुकीचा आहे. ‘भो’मध्ये बरोबरी असते, अवहेलना नसते. मर्यादा मात्र काटेकोर आहेत. वडीलधाऱ्यांना आप्पा, नाना, बापू, आबा किंवा जिभाऊ म्हणायचे. बायकांना हाक मारताना ‘व’ लागतो : ‘काय व माय’. तरुण मित्रमैत्रिणींच्या गप्पांत ही सीमा आता सैल होऊ लागली आहे, पण सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांना कुणी ‘भो’ म्हणत नाही.

पोटापाण्यासाठी खान्देशी माणूस तापीकाठच्या रेल्वेने सुरतेला गेला, तसा हा शब्दही गेला. उधना, लिंबायत या भागांत गुजरातीच्या गजबजाटातही ‘भो’ ऐकू येतो.