एमडीची नशा उतरते, धोका उतरत नाही

मुंबई-पुण्याच्या बातम्यांत ‘एमडी’ आता सतत भेटतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. १९२९ साली हे रसायन पहिल्यांदा तयार झालं आणि पुढे कित्येक दशकं विस्मरणात गेलं. नव्या शतकात ते नशेच्या बाजारात आलं. ब्रिटनने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली, भारताने २०१५ मध्ये. अफू-गांजासारखं त्याला शेत लागत नाही, कारखाना पुरतो. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पकडलेला प्रचंड साठा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला होता, यात म्हणूनच नवल नाही.

मेंदूच्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही निरोप पोचवणारी रसायनं मोजूनमापून सोडतात आणि काम झालं की परत आत ओढून घेतात. मेफेड्रोन ही आत ओढणारी यंत्रणाच उलटी फिरवतं. तिन्ही रसायनं एकदम बाहेर सांडतात. झोप उडते, भूक मरते, अनोळखी माणसंही जिवलग वाटू लागतात.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. नाकाने ओढलेल्या मेफेड्रोनची मजा तासाभरात ओसरू लागते, आणि लगेच दुसऱ्या डोसाची ओढ लागते. पण पहिला डोस तेव्हा रक्तात बराचसा शिल्लक असतो. मनाला वाटतं नशा संपली. हृदय मात्र अजून धावतच असतं. त्यावर दुसरा, तिसरा डोस चढत जातो. नाडी आणि रक्तदाब वाढतात, दात करकरतात, अंग तापतं. रात्रभर गर्दीत नाचणाऱ्याच्या शरीराचं तापमान जीवघेण्या पातळीला जाऊ शकतं. हृदयाची लय बिघडू शकते, फिटचे झटके येऊ शकतात. तरुण हृदय हे सहन करेल, हा भरवसा खोटा आहे.

नंतरचे दिवस उदासीचे. सतत घेणाऱ्याला संशय आणि भास छळू लागतात. कुणीतरी पाठलाग करतंय असं त्याला मनापासून वाटतं.

यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. डॉक्टर अंग थंड करतात, शामक औषधं देतात, हृदयावर लक्ष ठेवतात. त्यामुळे छातीत दुखणं, अंग खूप तापणं, झटके किंवा बरळणं दिसलं की तडक रुग्णालय गाठा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. व्यसन सुटायला मुख्य आधार समुपदेशनाचा. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. पोलिसांच्या भीतीने कित्येक घरं गप्प बसतात. सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद अमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये आहे. हे घराघरांत कळायला हवं.