चोरी कोणी केली, त्याने की भुताने?
(कुमार-युवा भूतकथा संपादनासाठी देणाऱ्यांकरिता माहितीपत्रक)

संहिता हातात आली की चार-आठ दिवसांत आमच्याकडून फोन जातो, आणि त्यात पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. काही जण हसतात, काही जण चिडतात. ‘तुम्ही फक्त भाषा बघा’ असंही ऐकून घेतलंय. त्या सगळ्यांसाठी हे पत्रक. फोनवर तेच तेच सांगण्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही.

भूत, व्यसन आणि विश्वासघात एकाच कादंबरीत आणणं ही चांगली कल्पना आहे. बारा ते अठरा वयाचा वाचक या तिन्हींपाशी आपणहून थांबतो, म्हणून अशी कामं आम्ही आवडीने घेतो. पण यातल्या बऱ्याच संहितांची गाडी एकाच जागी रुतते. शेवटाकडे कळतं, की नायकाच्या अंगात कोणीतरी होतं, आणि खोटं बोलणं, चोरी, मैत्रिणीला तोंडघशी पाडणं हे सगळं त्या ‘कोणीतरी’ने केलं. लेखकाला वाटतं, आपण धक्का दिला. वाचकाला वाटतं, आपल्याला फसवलं.

एक उदाहरण देतो, लेखिकेच्या परवानगीने. आठव्या प्रकरणात नायक बहिणीच्या फीचे पैसे चोरतो. पाकीट तिच्या उशीखाली आहे. तो नोटा काढतो, थोडा विचार करतो आणि दोन नोटा परत आत ठेवतो, म्हणजे वरून चाचपलं तर पाकीट रिकामं लागायला नको. शिवाय आतला फोटो जसा तिरका होता तसाच तिरका ठेवतो. हे पान वाचून आम्ही दोघंही जरा गप्प बसलो होतो. व्यसनाने माणूस किती हुशार आणि किती लहान होतो, ते त्या दोन नोटांत आलं होतं. आणि एकविसाव्या प्रकरणात लेखिकेने लिहिलं, ‘तो हात त्याचा नव्हताच.’ झालं! दोन नोटा गेल्या, तिरका फोटो गेला. पुढे बहीण माफ करते त्यालाही अर्थ उरला नाही, कारण माफ करायला समोर कोणी राहिलंच नाही.

अशी दुरुस्ती एका प्रकरणात होत नाही. आठव्यापासून एकविसाव्यापर्यंतचा प्रत्येक संवाद पुन्हा तपासावा लागतो: कोणाला काय माहीत होतं, कोण कोणावर रागावलं आणि तो राग आता कुठे जाणार. महिन्याचं काम तीन महिन्यांवर जातं ते इथे, शुद्धलेखनात नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो, की व्यसन हा आजार आहे, मग दोष माणसावर कसा टाकायचा? आक्षेप रास्त आहे आणि आम्ही तो उडवून लावत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, व्यसनविकाराचे ११ निकष आहेत. बारा महिन्यांच्या काळात त्यातले दोन-तीन आढळले तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. ठरवलं त्यापेक्षा जास्त घेणं, सोडू म्हणून न सुटणं, तलफ, आवडीच्या गोष्टी सुटत जाणं, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढणं, हे सगळं त्यात आहे. खोटं बोलणं आणि चोरी मात्र त्या अकरांत नाही. तलफ आजाराची, हे कबूल. पण पाकिटात दोन नोटा मागे ठेवण्याची युक्ती त्या मुलाची, आणि कादंबरी त्या दोहोंच्या मधल्या जागेत घडते. (अकराही निकष एकाच पात्रावर लादू नका. तीन-चार निवडा. नाहीतर ते पात्र न राहता केसपेपर होतं.)

मग भुताने करायचं काय? पुष्कळ काही. त्याने आमिष दाखवावं, एकटेपणा ओळखावा, नेमक्या वेळी नेमकी वस्तू समोर आणावी. पहिला होकार आणि विश्वासघात एवढं मात्र माणसाकडे ठेवा.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची जेकिल आणि हाइडची गोष्ट १८८६ची. तिच्यात डॉक्टर जेकिल एक औषध पिऊन हाइड नावाचा दुष्ट माणूस बनतो, आणि त्या औषधाचा पेला उचलणारा जेकिलच आहे. पुढे मात्रा दुप्पट करावी लागते, एकदा तर तिप्पट. मग एका सकाळी औषध न घेताच अंथरुणावर हाइडचा केसाळ हात दिसतो. दोषी हाइडच, अशी जेकिल स्वतःची समजूत घालतो. लेखक मात्र वाचकाची तशी समजूत घालत नाही. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या नायकाने भुतावर खुशाल ढकलावं, व्यसनी माणूस ढकलतोच. तुम्ही ढकलू नका.

वरच्या लेखिकेनेही शेवटी तेच केलं. ‘तो हात माझा नव्हता’ हे वाक्य निवेदनातून काढून नायकाच्या तोंडी घातलं. बहीण त्या दोन नोटा त्याच्यापुढे धरते आणि विचारते, ‘मग या कोणी मोजून ठेवल्या?’ वाक्य लेखिकेचंच आहे, आम्ही फक्त जागा दाखवली.

दुसरी चूक लहान आहे, पण वारंवार येते. नशा सुटतानाचे त्रास आणि भुताचा वावर एकमेकांत मिसळतात. मिसळा, हरकत नाही, पण घड्याळ सांभाळा. खूप दिवस रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर भास साधारण १२ ते २४ तासांत सुरू होऊ शकतात आणि कंप, भ्रम असलेली गंभीर अवस्था साधारण दोन ते चार दिवसांत येते. हेरॉइनचं चित्र वेगळं असतं. शेवटच्या मात्रेनंतर ८ ते २४ तासांत नाक-डोळे गळणं, जांभया, अंगदुखी, जुलाब, अंगावर काटा. एका संहितेत तो काटा भुताच्या चाहुलीचा म्हणून आला होता. हुशार वाचक तो लगेच नशेच्या खात्यावर टाकेल. तेव्हा दुसऱ्या रात्री भूत दिसत असेल, तर त्याला असं काही माहीत असू द्या जे पात्राला माहीत असणं शक्यच नाही. तेवढ्याने भास आणि भूत वेगळे होतात, स्पष्टीकरणाचा परिच्छेद लागत नाही.

आणखी एक जागा. चार महिने लांब राहिलेला नायक एका रात्री पुन्हा हेरॉइनकडे वळतो आणि सकाळी ताजातवाना उठतो, असं लिहू नका. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचीच मात्रा जिवावर बेतू शकते. मात्रेचा आकडा आणि घेण्याची रीत मात्र आम्ही संहितेतून काढतो. वाचक कोण आहे ते पाहता यावर आम्ही घासाघीस करत नाही. त्याने पुस्तक पातळ होतं अशी तक्रार येते. आजवर एकही झालेलं नाही.

आम्ही पूर्ण संहिता आधी एकदा नुसती वाचतो, हातात पेन न घेता, आणि मगच काम सुरू करतो. ‘पहिली तीन प्रकरणं करून दाखवा’ याला आम्ही नाही म्हणतो ते यासाठीच. रुतलेली जागा तीन प्रकरणांत दिसत नाही, आणि ती न पाहता भाषेवर हात फिरवला तर तेच काम तुम्हाला दुसऱ्यांदा करून घ्यावं लागेल. आम्हाला त्याचे पैसे मिळतील, पण पुढचं पुस्तक घेऊन तुम्ही येणार नाही.

तेव्हा संहितेबरोबर एक पान जोडा. भूत काय करू शकतं, काय करू शकत नाही, नायकाने पहिला होकार कुठे दिला, आणि कोणाचा विश्वास कोणत्या प्रकरणात मोडला. चार-पाच वाक्यं पुरेत. कादंबरी अजून लिहून झाली नसेल तरी हे पान पाठवलंत तर चालेल. ते वाचून फोनवर बोलण्याचे आम्ही पैसे घेत नाही, आणि अर्ध्या लोकांचं काम तेवढ्यावरच भागतं. फाइल युनिकोडमध्ये, वर्डची, प्रकरणांना क्रमांक दिलेली असावी. पीडीएफ पाठवू नका, तिच्यात दुरुस्त्या दाखवता येत नाहीत.