सिडनीचा पूल चढताना पुणेकराने काय बघावं

मुलाकडे नाहीतर मुलीकडे सिडनीला जाणारे पुणेकर आता बरेच झालेत, आणि तिकडे गेलं की हार्बर ब्रिजची कमान चढायची का हा विषय निघतोच. तिकिटाचे रुपये करून बघितले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, पुलावर चढायचे पैसे? झेड ब्रिजवर आम्ही फुकट बसतो! पण माझं मत विचाराल तर गुडघे धड असतील तर चढाच, फक्त सगळा वेळ ऑपेरा हाउसकडे बघू नका, पायाखालच्या पोलादाकडेही बघा, कारण ते हलतं.

हलतं म्हणजे उन्हाने. पोलाद तापलं की लांबतं, एका अंशाला मीटरमागे मिलिमीटरचा साधारण ऐंशीवा भाग. ऐकायला किरकोळ, पण या कमानीचा गाळा ५०३ मीटरचा आहे, म्हणजे एवढ्या लांबीचं पोलाद नुसतं दहा अंशांनी तापलं तरी सहा सेंटीमीटर वाढतं. आता ही वाढ जाणार कुठे? दोन्ही टोकं तर पक्की टेकलेली. मग कमान वर उचलली जाते. थंडी-उन्हाप्रमाणे तिचा माथा १८ सेंटीमीटरपर्यंत वर-खाली होऊ शकतो, आणि गाइड तुम्हाला नेतो तो त्याच माथ्यावर, पाण्यापासून १३४ मीटर उंच. हे होताना कमानीवर भलता ताण येऊ नये म्हणून तिच्या पायथ्याशी दोन्हीकडे दोन-दोन अशा चार प्रचंड बिजागऱ्या आहेत, कमानीचा सगळा भार तिथेच उतरतो. बाजूचे ८९ मीटरचे दगडी मनोरे? शोभेचे! कमान त्यांच्यावर टेकलेलीच नाही.

आपल्याकडच्या फ्लायओव्हरवर ठराविक अंतराने गाडी धडधडते ना, त्या फटी याचसाठी सोडलेल्या असतात. तीस मीटरचा काँक्रीटचा गर्डर डिसेंबरच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत सेंटीमीटरभर तरी लांबतो. (धडधड जास्त असेल तर ती कॉन्ट्रॅक्टरची, विज्ञानाची नाही.)

कमानीची दुसरी गंमत म्हणजे ती भार नुसता खाली देत नाही, बाहेरच्या बाजूलाही ढकलते, गुळगुळीत फरशीवर घोडा शिडी उभी केली की पाय पसरायला बघतात तसं. शनिवारवाड्याजवळचा आपला नवा पूल, म्हणजे १९२३ चा शिवाजी पूल, तोही कमानींचाच, पण तिथे ओळीने कमानी असल्यामुळे मधल्या खांबावर डावीकडून आणि उजवीकडून येणारा रेटा एकमेकाला बराचसा मारतो, खरा रेटा सोसायचा तो काठांनी. सिडनीला एकच कमान, त्यामुळे सगळा रेटा सरळ काठावरच्या खडकात.

पण कमान पुरी होईपर्यंत ती कमान नसतेच, हवेत लोंबकळणारे दोन हात असतात! ते पडू नयेत म्हणून प्रत्येक हात १२८ पोलादी केबल्सनी मागे खडकात ओढून धरला होता, मग केबल्स हळूहळू सैल करत करत ऑगस्ट १९३० मध्ये दोन्ही टोकं जुळवली. मला विचाराल तर अख्ख्या पुलातला हा सगळ्यात भारी भाग. पुढे फेब्रुवारी १९३२ मध्ये वर तब्बल ९६ वाफेची इंजिनं उभी करून भार तपासला आणि मार्चमध्ये पूल खुला झाला.

लोकांना गाइडबरोबर वर न्यायला १९९८ मध्ये सुरुवात झाली. दारू प्यायलेत का ते फुंकर मारायला लावून बघतात, अंगावर त्यांचा सूट, कमरेच्या पट्ट्याची कडी शेवटपर्यंत तारेत अडकवलेली, आणि स्वतःचा मोबाइल खालीच ठेवायचा. यावर आपली मंडळी चिडतात, पण हिशोब करा, माथ्यापासून खालचा रस्ता पाऊणशे मीटरच्या आसपास, हवेचा विरोध सोडला तर तिथून सुटलेला मोबाइल चार सेकंदांच्या आत खाली पोचतो आणि तेव्हा त्याचा वेग असतो ताशी १३० किलोमीटरच्या पुढे, आणि खाली वाहनांच्या रांगा. फोटो गाइड काढतो, त्याचे पैसे मात्र आधी विचारून घ्या.