मुळांच्या गुणांसाठी पीकपैदास (मराठवाडा)

पिकाच्या मुळांची खोली, जमिनीत उतरण्याचा कोन, फुटवे, आतील जलवाहिन्यांची रुंदी असे आनुवंशिक गुण हेरून, पाण्याचा ताण किंवा साचलेले पाणी सोसणारे वाण तयार करण्याची पद्धत. पैदासकारांचे लक्ष पूर्वापार कणीस, बोंड, दाणा आणि पक्वतेचे दिवस यांवर राहिले. मुळांची निवड झाली ती त्यांच्या आडून, न पाहता.

मराठवाड्यात या विषयाची सुरुवात जमिनीपासून करावी लागते. बालाघाटच्या माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. गोदावरी आणि पूर्णेच्या काठची काळी माती मात्र खोल व भारी आहे. ही माती ओल धरून ठेवते, पण वाळताना आकसते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत मुळे तुटतात. म्हणून ‘खोल मूळ म्हणजे चांगले मूळ’ हे सूत्र इथे अर्धेच लागू पडते. हलक्या रानात मुळाला खाली जायला जागाच नसते. तिथे पसरट, फुटवेदार मुळे आणि कमी दिवसांचे वाण अधिक कामाचे.

रब्बी ज्वारीचे गणित आणखी वेगळे आहे. पावसाळा सरताना पेरलेले हे पीक जवळजवळ साठलेल्या ओलीवरच वाढते. मोहोळ (जि. सोलापूर) येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी (एम 35-1) अजूनही पेरली जाते. अशा पिकाच्या मुळांनी सुरुवातीलाच भरमसाट पाणी ओढले, तर दाणा भरण्याच्या वेळी खाली काही उरत नाही. ताणात सापडलेल्या ताटांना खडखड्या (खोड आतून पोखरणारा बुरशीरोग) गाठतो आणि ती लोळतात. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या मुळांतील जलवाहिन्या मुद्दाम अरुंद करण्यासाठी निवड झाली, ती याच हेतूने. खोल उतरणारे पण काटकसरी मूळ, असे या पैदाशीचे उद्दिष्ट म्हणता येईल.

हरभऱ्यात या शास्त्राचे सर्वांत परिचित उदाहरण सापडते. भरघोस मुळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आयसीसी 4958 या वाणातील चौथ्या सहलग्नता गटावरचा (सहसा एकत्र वारशाने उतरणाऱ्या जनुकांच्या गटावरचा) जनुकीय भाग, जनुकचिन्हांच्या (डीएनएवरील ओळखखुणांच्या) मदतीने, अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांत उतरवला गेला. पुसा 10216 हा त्यातूनच आला. मात्र इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेतील पुढच्या अभ्यासांत मुळांच्या खोलीपेक्षा फुलोऱ्यापूर्वी पाणी जपून वापरण्याची सवय अधिक मोलाची ठरली. भातात खोल मुळांचा डीआरओ-1 जनुक जपानी शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये उलगडला. मराठवाड्याच्या पीकपद्धतीशी त्याचा संबंध दूरचा.

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या (स्थापना 1972) वाणांत मुळांचा विचार बहुतांशी अप्रत्यक्ष दिसतो. बदनापूर केंद्राचा तुरीचा बीडीएन 711 लवकर तयार होतो. तो शेवटच्या टप्प्यातला दुष्काळ सोसण्यापेक्षा चुकवतो. करडईचे सोटमूळ रब्बीतल्या कुठल्याही पिकाशी स्पर्धा करील असे आहे आणि परभणी कुसुम (पीबीएनएस 12) इथलाच. तरीही करडईचे क्षेत्र घटले, आणि त्यामानाने उथळ मुळांचे सोयाबीन खरिपात पसरले. बाजारभावापुढे मुळांचा गुण टिकला नाही, हे नोंदवायला हवे. देशी कपाशीचेही तेच झाले: सोटमूळ पटकन खाली नेणारे हे पीक अमेरिकन जातीच्या बीटी संकरांपुढे मागे पडले.

अलीकडे उलटी अडचण वाढली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खंड आणि सप्टेंबरमध्ये ढगफुटीसारखा पाऊस. सप्टेंबर 2025 च्या पुरात बीड, धाराशिव, लातूरसह अनेक जिल्ह्यांतली उभी पिके पाण्याखाली गेली. चिबडलेल्या रानात मुळांना प्राणवायू मिळत नाही. खंडानंतर पाणी साचले की कपाशीत आकस्मिक मर येते, तुरीवर फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचा करपा चढतो. इथे उपयोगी गुण म्हणजे मुळांतल्या हवेच्या पोकळ्या आणि पाण्याच्या पातळीवर पटकन फुटणारी आगंतुक (खोडातून निघणारी) मुळे. एकाच हंगामात दोन्ही संकटे येत असल्याने दोन्ही गुण एका वाणात बांधावे लागतील. ते सोपे नाही.

खरा अडसर मोजमापाचा आहे. ओल्या काळ्या मातीतून मुळे अखंड निघत नाहीत, कोरडी झाली की कुदळही चालत नाही. म्हणून उंच पीव्हीसी नळ्यांत रोपे वाढवून, नळ्या वजन करून पाण्याचा वापर मोजतात. शेतातली भेग आणि मुरमाचा थर मात्र अशा नळीत जसाच्या तसा उतरत नाही, आणि शेकडो वाणांची तशी परीक्षा घेणे खर्चिक पडते.