जुन्या एलमध्ये मेथी कुठून आली?

दारू जितकी जुनी तितकी भारी, ही समजूत बिअरच्या बाबतीत बहुतांशी खोटी आहे. दुकानात मिळणारी नेहमीची फिकट लागर बिअर कारखान्यातून बाहेर पडली की उतरणीलाच लागते. काही महिन्यांत हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, तजेला जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. हा वास ट्रान्स-२-नोनेनाल या रेणूचा. लिटरमध्ये ०.१ मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला तो पुरतो.

अपवाद मोजके आहेत. त्यातला सर्वांत अभ्यासण्याजोगा म्हणजे बेल्जियमची गडद, कडक एल (बिअरचाच एक प्रकार): ९ टक्क्यांची शिमे ब्लू, १०.२ टक्क्यांची वेस्टव्लेटरेन १२, ११.३ टक्क्यांची रोशफोर १०. तिन्ही ट्रॅपिस्ट, म्हणजे एका कॅथलिक संन्यासी पंथाच्या, मठांत बनतात. त्यांच्या धर्तीवरच्या एल आता जगभर होतात. या बाटल्या पाच, सात, कधी दहा वर्षंही ठेवता येतात. पण ‘ठेवल्यावर सुधारते’ हे वाक्य मला मान्य नाही. ती बदलते. काही रेणू निघून जातात, काही नवे येतात, आणि कोण गेलं, कोण आलं हे नाकाने ओळखून सांगणं हेच जुन्या एलच्या परीक्षकाचं खरं काम आहे.

आधी गेलेल्यांबद्दल. ताज्या बेल्जियन एलला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा. शाळेत शिकलेलं आठवून पाहा: आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर आणि पाणी तयार होतं, आणि ही क्रिया उलटही चालते. यीस्ट हा एस्टर विकरांच्या मदतीने बनवतं, तेही रासायनिक समतोलाला परवडेल त्याहून कितीतरी जास्त. म्हणून बाटली बंद झाली की तो हळूहळू पुन्हा ॲसेटिक आम्ल आणि आयसोअमाइल अल्कोहोलमध्ये फुटत जातो. बाटलीच्या तळाशी बसलेल्या यीस्टमधून पाझरणारी विकरं त्याला हातभार लावतात. याच नियमाची दुसरी बाजूही आहे. काही एस्टर सुरुवातीला समतोलाच्या खाली असतात. भरपूर अल्कोहोलच्या संगतीत ते वर्षागणिक वाढत जातात आणि बिअर वाइनकडे झुकू लागते. लवंगेचा वास देणारा ४-व्हिनाइल ग्वायाकॉलही घटतो आणि त्याच्या जागी व्हॅनिलाच्या वासाचं थोडं व्हॅनिलिन येतं. कडवटपणा कमी होतो, कारण हॉप्सची कडू आयसो-अल्फा आम्लं मोडत जातात; त्यांच्या अणूंच्या दोन मांडण्यांपैकी ट्रान्स रूप सिस रूपापेक्षा लवकर मोडतं.

आणि मग येतो सोटोलोन. या लेखाचं खरं निमित्त तोच आहे.

मेथीचे दाणे तव्यावर तडतडले की जो वास घरभर पसरतो, त्यातला मुख्य रेणू सोटोलोन. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला मेथीचा वास येतो, तोही याच्यामुळे. जपानी संशोधकांना तो उसाच्या कच्च्या साखरेत सापडला, आणि नावातला ‘सोटो’ हा कच्च्या साखरेसाठीच्या जपानी शब्दावरून आला. जुनी शेरी, फ्रान्सच्या ज्युरा भागातली पिवळी वाइन, मदेरा या सगळ्या वाइनमध्ये तो आहे. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम झाला की तो जाणवू लागतो. थोडा असताना काकवी, मेपलचा पाक, भाजलेली साखर अशी गोड आठवण करून देतो. वाढला की सरळ मेथी, आणि त्याहून वाढला की करी पावडर. रेणू तोच, पण पाचव्या वर्षी ज्याची स्तुती होते तोच बाराव्या वर्षी दोष ठरू शकतो.

तो बनतो कसा? बुचाच्या आतल्या अस्तरातून ऑक्सिजन अगदी संथपणे आत शिरत असतो. ऑक्सिजन आणि इथेनॉल समोरासमोर आले तरी एकमेकांना फारसं विचारत नाहीत. मध्यस्थ लागतो, तो म्हणजे बिअरमधलं सूक्ष्म प्रमाणातलं लोह आणि तांबं. हे धातू ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतात. त्यातून आधी सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. हायड्रॉक्सिल रॅडिकल कोणाचीच गय करत नाही. वाटेत जे येईल त्याचा हायड्रोजन ते ओढून घेतं, आणि बिअरमध्ये पाण्याखालोखाल सर्वांत जास्त असतं ते इथेनॉल. त्यातून ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. हा सोटोलोनचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे अल्फा-कीटोब्युटिरिक आम्ल. ते थ्रिओनिन या अमिनो आम्लापासून येतं, आणि मरणारं यीस्ट अमिनो आम्लं बाहेर सोडतच असतं. दोन्ही अर्धे अल्डॉल संघननाने जुळतात, रेणू स्वतःभोवती वळतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पाच अणूंचं कडं बंद होतं. तोच सोटोलोन. वाइनच्या अभ्यासातून हा मार्ग चांगला माहीत झाला आहे. बिअरमध्ये त्याच्या जोडीला इतरही वाटा आहेत.

यात आणखी एक सुंदर गुंतागुंत आहे. कड्यातल्या एका कार्बनला चार वेगवेगळे शेजारी असल्यामुळे सोटोलोनची दोन रूपं होतात, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी. त्यांपैकी एस रूपाचा वास आर रूपाच्या सुमारे शंभरपट तीव्र असतो. म्हणून यंत्राने मोजलेला एकूण सोटोलोन आणि नाकाला जाणवलेली मेथी यांचा मेळ बसेलच असं नाही.

इथे एका गैरसमजाला बाजूला सारायला हवं. मठातल्या ‘गुप्त मसाल्यामुळे’ असे वास येतात, असं हौशी मंडळी सांगत असतात. शिमेच्या मठात फादर थिओडोर यांनी यीस्टचा शुद्ध वाण वेगळा केला आणि त्यांना मदत केली ती लूवेन विद्यापीठातले प्राध्यापक जाँ दे क्लेर्क यांनी. काम सूक्ष्मदर्शकाखाली झालं. अज्ञात वासाची भीतीही अशीच असते. २००५पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून मेपलच्या पाकाचा वास पसरायचा आणि लोक विषारी हल्ल्याच्या धास्तीने फोन करायचे. २००९मध्ये उगम कळला: शेजारच्या न्यू जर्सीतला, मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणारा सुगंधी द्रव्यांचा कारखाना.

आता प्रत्यक्ष चाखणं. बाटली साठवताना ती उभीच हवी. वाइनची सवय असलेले लोक आडवी ठेवतात, पण इथे यीस्टचा गाळ तळाशी बसायला हवा आणि हवेशी संपर्क कमीत कमी हवा. तापमान १० ते १३ अंश. दर १० अंशांना रासायनिक क्रिया अंदाजे दुप्पट वेगाने होतात असं धरलं, तर ३७ अंशांच्या माळ्यावर १२ अंशांच्या तळघरापेक्षा वेग साडेपाच पटींहून जास्त होतो. पण म्हणून माळ्यावरचे आठ-नऊ महिने म्हणजे तळघरातली चार वर्षं, असा हिशेब करू नये. प्रत्येक क्रियेचा वेग सारख्या पटीने वाढत नाही. पुठ्ठा आणि मेथी पुढे धावतात, व्हॅनिला मागे राहतो.

चाखण्याआधी दोन दिवस बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. ३३० मिलिची बाटली ५ अंशांवरून १३ अंशांवर यायला २७ अंशांच्या खोलीत अर्धा-पाऊण तास लागतो. ट्युलिपच्या आकाराच्या ग्लासात १०० ते १२० मिलि, बाटली तिरपी धरून, एकाच सलग धारेत ओता. मध्येच बाटली सरळ केली तर गाळ ढवळतो. शेवटचा एक-दोन सेंटिमीटर बाटलीतच राहू द्या. मठांचे रुंद तोंडाचे चषक दिसायला छान, पण वास पकडून ठेवायला ट्युलिपच बरा. फेस कमी दिसला तर लगेच ‘बाटली गेली’ म्हणू नका. म्हातारं यीस्ट प्रोटीन तोडणारं विकर सोडतं, त्याने फेसाचा सांगाडाच मोडतो.

खोलीत उदबत्ती नको, हाताला साबणाचा वास नको, तोंडात पान-बडीशेप नको. शेजारी पाणी आणि साधा पाव. वास ओळखायला नाकाला नमुने द्या. चमचाभर मेथीदाणे हलके भाजून, भरड कुटून ५० मिलि कोमट पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा. दुसऱ्या वाटीत लवंग, तिसऱ्यात कुस्करलेलं केळं, चौथ्यात भिजवलेला पुठ्ठा, पाचव्यात सोया सॉस. सोया सॉस अशासाठी, की यीस्ट मरून स्वतःलाच पचवू लागलं की नेमका तसा खारट, मांसल वास येतो. मनुका, खजूर, काकवी यांच्यामागे तो हलकाच असेल तर खपतो. पुढे आला की बाटलीची वेळ टळली. एका घोटानंतर थांबा आणि वीस मिनिटांनी, ग्लास १६-१७ अंशांवर आला की पुन्हा वास घ्या. मेथी बहुधा तेव्हाच बाहेर येते.

गुण द्यायचे तर बीजेसीपी या बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची ५० गुणांची पद्धत सोयीची आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण मत १०. मात्र बाटलीवरचं साल दिसत असताना दिलेल्या गुणांवर माझा विश्वास नाही. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंगवून दिली आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. लेबलवरचं साल हाही एक रंगच आहे. म्हणून त्रिकोणी चाचणी घ्या. तीन सारखे ग्लास, दोनांत ताजी आणि एकात जुनी, किंवा उलट. ओतणारा वेगळा, चाखणारे वेगळे. वेगळा ग्लास नुसत्या अंदाजाने सापडण्याची शक्यता एक तृतीयांश. सहा जणांपैकी चौघांनी बरोबर ओळखलं, तरी तसं योगायोगाने घडण्याची शक्यता १० टक्के उरते. पाचांनी ओळखलं तर ती दोन टक्क्यांच्या खाली येते. पाच जण बरोबर आले तरच पुढे ‘जुनी कशी लागली’ हे लिहायला बसा, आणि वर्णनाच्या आधी या गोष्टी नोंदवा: बाटलीत भरल्याचं साल, बूच धातूचं की कॉर्कचं, साठवणीचं तापमान, आणि पहिला वास घेतला तेव्हा ग्लासातल्या एलचं तापमान.