अडीच घरांची चाल आणि सरळ रेषेला सरावलेला डोळा

जानेवारी २०१३ मध्ये नेदरलँड्समधील विक आन झी येथे झालेल्या स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता विश्वनाथन आनंद काळी मोहरी घेऊन आर्मेनियाच्या लेव्हॉन अरोनियनविरुद्ध खेळत होता. काळ्याच्या सोळाव्या चालीची वेळ आली तेव्हा त्याचा एफ८ वरचा हत्ती, सी५ वरचा उंट आणि जी४ वरचा घोडा अशी तीन मोहरी पांढऱ्याच्या माऱ्यात होती. (पांढऱ्याच्या बाजूने पाहताना डावीकडून उजवीकडे ए ते एच या उभ्या पट्ट्या, आणि आपल्याकडून पलीकडे १ ते ८ या आडव्या ओळी, एवढे लक्षात ठेवले की घरांची ही नावे पुरेशी आहेत.) तीन मोहरी धोक्यात असताना त्यांतले एखादे तरी वाचवावे, असे कोणालाही वाटेल. आनंदने यांपैकी एकालाही हात लावला नाही. त्याने डी७ वरचा दुसरा घोडा उचलला आणि ई५ या घरात नेऊन ठेवला, जिथे एफ४ वरचे साधे प्यादे त्याला मारू शकत होते. माऱ्यात तीन मोहरी होती, ती आता चार झाली.

ही चाल कळण्यासाठी घोडा कोठे गेला यापेक्षा तो कोठून निघाला हे आधी पाहावे लागते. डी७ हे घर मोकळे होताच डी८ वरच्या काळ्या वजिरासाठी डी ही उभी पट्टी डी४ पर्यंत उघडली आणि तिथे त्या पट्टीतले पांढऱ्याचे एकमेव प्यादे उभे होते. सी५ वरचा उंट आणि जी१ वरचा पांढरा राजा यांच्यामध्येही हेच प्यादे आडवे आलेले होते. म्हणजे ते जखडलेले होते. ई५ वरच्या घोड्याला ते मारूच शकत नव्हते, कारण ते बाजूला झाले असते तर राजाला थेट शह लागला असता. आता समजा, पांढऱ्याने एफ४ वरच्या प्याद्याने घोडा मारला. काळा वजीर डी४ वरचे प्यादे मारून शह देतो आणि राजा एच१ या कोपऱ्यात सरकतो. मग वजीर थेट राजाच्या शेजारी, जी१ वर, जाऊन बसतो. सी५ वरच्या उंटाचा त्याला आधार असल्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. एफ१ वरच्या पांढऱ्या हत्तीला तो वजीर मारावाच लागतो. हत्ती जी१ वर आला की जी४ वरचा घोडा एफ२ वर उडी घेतो आणि डाव संपतो. राजाभोवतीची जी१, जी२ आणि एच२ ही तिन्ही घरे त्याच्याच माणसांनी भरलेली आहेत, आणि घोड्याचा शह मध्ये कोणी उभे राहून अडवता येत नाही.

कोंडलेल्या राजाला दिलेल्या या मातेला बुद्धिबळपटू ‘स्मदर्ड मेट’ म्हणतात. तिचा एक ठरीव नमुना स्पेनच्या लुसेनाने १४९७ साली छापलेल्या पुस्तकात आढळतो, तरी पुढे तो अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. या मातेतली खरी गंमत भूमितीची आहे. वजीर, हत्ती आणि उंट रेषेवरून मारा करतात, त्यामुळे राजाला चिकटून उभी असलेली प्यादी आणि हत्ती त्यांच्याविरुद्ध तटबंदीचे काम करतात. घोड्याचा मारा मात्र मधल्या कोणत्याही घरातून जातच नाही. म्हणूनच किल्लेकोटानंतर, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेणाऱ्या जोडचालीनंतर, आपण समाधानाने राजाभोवती जी भिंत उभी करतो, तीच घोड्यासमोर तुरुंग ठरते.

घोडा अडीच घरे चालतो, असे आपण लहानपणी शिकतो. काटेकोर मोजले तर एका घराच्या मध्यापासून दुसऱ्या घराच्या मध्यापर्यंतचे हे अंतर पाचाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.२४ घरे, भरते. पण अडीचला बोलीत जो ठसका आहे तो वर्गमुळाला कोठून येणार? महत्त्वाचे हे की घोड्याच्या दृष्टीने जवळ आणि लांब यांचे अर्थच बदलतात. पटाच्या मध्यावर उभ्या असलेल्या घोड्याला अगदी शेजारच्या घरात जायला तीन चाली लागतात. कर्णावरचे लगतचे घर दोन चालींत मिळते, परंतु त्याच कर्णावरचे त्यापुढचे घर गाठायला तब्बल चार चाली लागतात. पटाच्या या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला सहा चाली पुरतात आणि कोणतीही दोन घरे घेतली तरी घोड्याला सहापेक्षा जास्त चाली लागत नाहीत. घोड्याच्या शहापासून पळताना अनुभवी खेळाडू आपला राजा कर्णावर दोन घरे दूर नेऊन का ठेवतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

शिवाय घोडा प्रत्येक उडीत घराचा रंग बदलतो: पांढऱ्या घरात उभा असलेला घोडा फक्त काळ्या घरांवर मारा करतो आणि काळ्या घरातला फक्त पांढऱ्या घरांवर. वजिराच्या अंगी हत्ती आणि उंट या दोघांचीही चाल असते, पण घोड्याची नसते. म्हणूनच घोडा वजिरावर मारा करतो तेव्हा वजीर उलट त्याच घोड्यावर मारा करू शकत नाही. पटावरच्या सर्वांत बलवान मोहऱ्याची ही उणीव मला नेहमीच न्याय्य वाटत आली आहे.

मानवी डोळ्याला घोडा अवघड का जातो, याविषयी माझे मत असे आहे की आपली दृष्टीच मुळात रेषांच्या बाजूने झुकलेली आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमर यांनी १९२३ साली दृश्य आकलनाचे जे नियम मांडले, त्यांत एक असा होता की एका ओघात पुढे जाणाऱ्या रेषेवरचे घटक आपण आपोआप एकत्र जोडून पाहतो. उंटाचा कर्ण किंवा हत्तीची पट्टी अशा प्रकारे डोळा आयती ओढून देतो. घोड्याच्या दोन घरांना जोडणारी अशी कोणतीही रेषा पटावर आखलेली नसते. ती प्रत्येक वेळी मनात तयार करावी लागते.

मुरलेले खेळाडू ही अडचण आठवणीच्या बळावर ओलांडतात. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खेळाडूंना प्रत्यक्ष डावांतील स्थिती पाच सेकंद दाखवून नंतर ती मांडायला सांगितले, तेव्हा निष्णात खेळाडू नवख्यांच्या कितीतरी पुढे होते. मोहरी कशीही विखरून ठेवल्यावर मात्र ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. निष्णात खेळाडू सुटी मोहरी लक्षात ठेवत नाही, तर ओळखीच्या रचनांचे गट लक्षात ठेवतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. स्मदर्ड मेट हा असाच एक गट आहे. जी१ वर राजा, एच२ आणि जी२ वर प्यादी, एफ१ वर हत्ती आणि जवळपास शत्रूचा घोडा एवढे दिसले की सरावलेल्या डोक्यात घंटा वाजते.

पण ही घंटा कधी कधी फार मोठ्याने वाजते. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी २००८ साली एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तरबेज खेळाडूंपुढे अशी स्थिती ठेवली की तिच्यात घोड्याची ही प्रसिद्ध मात पाच चालींत होत होती, पण फारशी परिचित नसलेली दुसरी मात तीनच चालींत होती. काम होते सर्वांत जलद मात शोधण्याचे. अनेकांना ओळखीची मात लगेच सापडली आणि छोटी सापडलीच नाही. स्थितीत किरकोळ बदल करून घोड्याची मात अशक्य केली, तेव्हा तशाच ताकदीच्या खेळाडूंना छोटी मात दिसू लागली. नजरेचा मागोवा घेणाऱ्या उपकरणाने तर अधिकच मजेशीर गोष्ट टिपली. आपण आता दुसरा मार्ग शोधत आहोत असे खेळाडू प्रामाणिकपणे सांगत होते, मात्र त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या मातेच्याच घरांकडे वळत होते. एकेकाळी चकित करणारी घोड्याची उडी इतकी पाठ झाली होती की तिनेच आता पटाचा उरलेला भाग झाकून टाकला होता. आनंदच्या चालीचे कौतुक मला याच कारणाने अधिक वाटते. तिच्या शेवटी दडलेली मात शेकडो वर्षांची जुनी आहे. नवीन आहे ती तिथपर्यंत नेणारी वाट, आणि त्या वाटेवर उडी मारणारा घोडा मात देणारा नव्हे, तर दुसराच आहे.

संगणकाचे याच्या अगदी उलट असते. बहुतेक बुद्धिबळ प्रोग्राम चौसष्ट घरांसाठी चौसष्ट बिटांची (म्हणजे शून्य किंवा एक अशा चौसष्ट अंकांची) एक संख्या वापरतात आणि घोड्याची चाल म्हणजे त्या संख्येतला बिट ६, १०, १५ किंवा १७ स्थाने मागे-पुढे सरकवणे एवढेच असते. फक्त पटाच्या कडेबाहेरच्या उड्या गाळाव्या लागतात. मध्ये कोण उभे आहे याने घोड्याला फरक पडत नसल्यामुळे प्रत्येक घरातून तो कोठे जाऊ शकतो याची यादी एकदाच तयार करून ठेवता येते. रिकाम्या पटावर अशा सर्व उड्या मोजल्या तर त्या ३३६ भरतात, म्हणजे घरामागे सरासरी सव्वापाच. हत्ती आणि उंट यांच्याबाबत मात्र वाटेत कोण आडवे आले आहे हे दर वेळी नव्याने पाहावे लागते आणि त्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना बऱ्याच क्लृप्त्या कराव्या लागल्या. आपल्याला रेषा सोपी आणि उडी अवघड. यंत्राला उडी सोपी आणि रेषा खर्चिक.

घोडा निघून गेल्यामुळे काय उघडते हे आनंदच्या चालीत निर्णायक होते. घोड्याला मारायला जाणारा आपली जागा सोडतो हेही तितकेच घातक ठरू शकते. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध अकराव्या चालीला आपला घोडा ए४ या कडेच्या घरात नेऊन ठेवला, जिथून घोड्याला कशीबशी चारच घरे मिळतात आणि जिथे सी३ वरचा पांढरा घोडा त्याला मारू शकत होता. पण सी३ वरचा तो घोडा ई४ वरच्या प्याद्याचा राखणदार होता. तो हलला असता तर फिशरचा दुसरा घोडा ई४ वर घुसला असता. बर्नने मोह टाळला, वजीर मागे घेतला आणि तरीही तो हरला.

अरोनियननेही ई५ वरचा घोडा मारला नाही. एफ२ वर उडी घेणार होता तो जी४ वरचा घोडा, म्हणून त्याने उंटाने त्यालाच मारले. आनंदच्या सी५ वरच्या उंटाने डी४ वरचे प्यादे मारून शह दिला, राजा कोपऱ्यात गेला आणि ई५ वरच्या घोड्याने पांढरा उंट मारून जी४ ची रिकामी झालेली जागा स्वतः घेतली. पांढऱ्याने एफ८ वरचा हत्ती मारला तेव्हा आनंदने शांतपणे एफ पट्टीतले प्यादे दोन घरे पुढे ढकलले आणि त्या एका चालीने पांढऱ्या वजिराचा सी२ पासून एच७ पर्यंतचा कर्ण बंद केला. तेविसाव्या चालीला काळा उंट ई३ वर गेला, पांढऱ्या वजिराला एच३ च्या प्याद्यापासून तोडून बसला, आणि अरोनियनने डाव सोडला. त्याचा ए१ वरचा हत्ती आणि सी१ वरचा उंट तोवर जागचे हललेही नव्हते. त्याच्या एका घोड्याने मात्र पाच चाली केल्या होत्या, एक प्यादे आणि एक हत्ती मारला होता, आणि शेवटी जी६ वर तो काळ्या वजिराच्या हाती सापडला होता.