एक तार होती, चार झाल्या: हमबकरच्या स्विचची पार्श्वभूमी

आज पुण्यातल्या दुकानात वीस-पंचवीस हजारांची इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, तरी अनेकदा तिचा टोनचा नॉब वर ओढता येतो आणि जाड, भरीव आवाज एकदम पातळ, खणखणीत होतो. विक्रेता सांगतो, ‘दोन गिटारी एकात.’ हे निम्मं खरं आहे. अँपमधून येणाऱ्या ज्या विजेच्या गुणगुणीपासून सुटका व्हावी म्हणून हमबकर हे दोन कॉइलचं पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) जन्माला आलं, तीच गुणगुण आपण नॉब ओढून परत बोलावतो. हमबकरच्या स्विचचा सगळा इतिहास असा उलट्या दिशेने चाललेला आहे.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की या वेढ्यांत, म्हणजे कॉइलमध्ये, वीज उमटते. पण कॉइलला गिटारची तार आणि घरातलं वायरिंग यांत फरक कळत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज, आपल्याकडे ५०. दोन्ही अँपमधून गुणगुणतात. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात, पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट चालू असताना, सिंगल कॉइलची, म्हणजे एकेका कॉइलच्या पिकअपची, गिटार लावून पाहावी म्हणजे आणखी समजावून सांगावं लागत नाही. (अर्थिंगच धड नसेल तर येणारी कर्कश घरघर वेगळी. ती हमबकरनेही पुरती जात नाही, त्याला वायरमनच हवा.)

यावरचा उपाय गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी शोधला. दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीचा चुंबकीय ध्रुव दुसरीच्या उलट आणि त्यांची विद्युत जोडणीही उलट. गिटारच्या तारेचा आवाज दोनदा उलटून सुलटा होतो, म्हणून त्याची बेरीज होते. बाहेरून आलेली गुणगुण चुंबकाकडे बघत नाही, ती एकदाच उलटते आणि वजा होते. उलट्या कॉइलने गुणगुण मारण्याची युक्ती लाउडस्पीकरमध्ये आधीपासून होती. लव्हर यांनी ती गिटारच्या पिकअपमध्ये नीट बसवली. त्याच सुमारास ग्रेच या गिटार कंपनीसाठी रे बट्स यांनीही स्वतंत्रपणे असं पिकअप तयार केलं. लव्हर यांचा पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ चा, मंजुरी २८ जुलै १९५९ ची. १९५७ मध्ये हे पिकअप लेस पॉल गिटारवर आलं, तेव्हा पेटंट हाती नव्हतं. म्हणून खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ची चिठ्ठी. आज त्या ‘पीएएफ’ पिकअपसाठी संग्राहक लाखो रुपये मोजतात. गंमत अशी, की पुढच्या चिठ्ठ्यांवर गिब्सनने जो पेटंट क्रमांक छापला तो या पिकअपचा नव्हताच. तो वादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारांची टोकं अडकवायच्या भागाचा होता!

स्विचच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट चिठ्ठीत नाही, तारेत आहे. त्या पिकअपमधून एकच तार बाहेर येई, तिच्याभोवती विणलेली धातूची जाळी म्हणजे ग्राउंड, विजेची परतीची वाट. दोन्ही कॉइल एकमेकींना आतच, झाकणाखाली जोडून टाकलेल्या. बाहेरच्या जगाला ते एकच पिकअप. त्यामुळे गिब्सनच्या तीन जागांच्या टॉगलला एवढंच काम उरलं: मानेजवळचं पिकअप, ब्रिजजवळचं (तारांच्या खालच्या टोकाकडचं), की दोन्ही. पिकअपच्या पोटात शिरायला त्याला वाट नव्हती, आणि त्या काळी ती कुणी मागितलीही नव्हती.

मागणी उभी राहिली ती दुसऱ्या बाजूने. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला तीन सिंगल कॉइल आणि तीन जागांचा स्विच होता. वादकांनी त्याची दांडी दोन जागांच्या मध्ये अडकवून एक काचेरी आवाज काढला. तो इतका रूढ झाला की १९७७ मध्ये फेंडरने पाच जागांचा स्विच कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. जाड आवाजाच्या गिटारवाल्यांनाही आता तो पातळपणा हवासा वाटू लागला.

१९७० चं दशक म्हणूनच खरं वळणाचं. गिब्सनने १९७३ मध्ये एल-६एस या गिटारवर सहा जागांचा फिरता स्विच दिला. दोन पिकअप सिरीजमध्ये (एकामागोमाग एक), पॅरललमध्ये (शेजारी शेजारी), एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाचा आवाज दुसऱ्यातून वजा होईल असे), असे प्रकार त्यात होते. पण खरी क्रांती केली ती डिमार्झिओ आणि सीमोर डंकन यांच्यासारख्या, सुटे पिकअप विकणाऱ्यांनी. त्यांच्या पिकअपमधून प्रत्येक कॉइलची दोन्ही टोकं बाहेर येऊ लागली: चार रंगीत तारा आणि एक उघडी ग्राउंड. आठ किलोओहम रोधाचं हमबकर घ्या. कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे नेहमीसारख्या: आठ. एक कॉइल बंद, म्हणजे स्प्लिट: चार, आवाज लहान आणि गुणगुण हजर. दोन्ही पॅरलल: दोन, आवाज पातळ पण गुणगुण नाही. माझ्या मते पॅरललवर अन्यायच झाला आहे. स्प्लिट सगळ्यांना माहीत, पॅरलल फारसं कुणी वापरत नाही.

हे तिन्ही एका स्विचवर आणायचे तर सहा पायांचा डीपीडीटी (एका दांडीवर दोन जोडण्या एकदम बदलणारा स्विच) लागतो, तोही ‘ऑन-ऑन-ऑन’, ज्यात मधल्या जागी एक बाजू वर आणि दुसरी खाली जोडलेली असते. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या तपकीर गल्लीत स्विचला तोटा नाही, पण तिथे सहज हाती येतो तो ‘ऑन-ऑफ-ऑन’. दिसायला अगदी तसाच. तो बसवला की मधल्या जागी साधारणपणे गिटार गप्प. घेण्याआधी मल्टिमीटरने तपासावा.

दुसरा घोळ रंगांचा. सीमोर डंकनमध्ये काळी तार आउटपुटची, हिरवी ग्राउंडची, लाल-पांढरी एकत्र. डिमार्झिओमध्ये लाल आउटपुटची, काळी-पांढरी एकत्र. दोन कंपन्यांची पिकअप एकाच आकृतीवरून जोडली तर चुकीचीच तार सोल्डर होते. आणि प्रत्येकाची आकृती पाळूनही दोन्ही मिळून आवाज नाकातला, बसका आला तर फेज उलटली आहे; एका पिकअपच्या आउटपुट आणि ग्राउंडच्या तारा अदलाबदल करायच्या. उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहू द्यायची.

१९८० च्या दशकात गुणगुण परत आल्याची तक्रार ऐकू येऊ लागली, आणि स्विच आणखी हुशार झाले. पीआरएस या गिटार कंपनीने १९८५ मध्ये पाच जागांचा फिरता स्विच आणला. त्यात दोन हमबकरमधली एकेक कॉइल अशी निवडली की त्यांचे ध्रुव परस्परविरुद्ध पडावेत. आवाज सिंगल कॉइलसारखा, गुणगुण मात्र पुन्हा वजा. हमबकर-सिंगल-हमबकर रचनेच्या गिटारींतला पाच जागांचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी याच तत्त्वावर चालतो.

त्यानंतरची सुधारणा सर्वांत स्वस्त. कॉइल पूर्ण बंद करण्याऐवजी ती एक-दोन किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला न्यायची. दुसरी कॉइल थोडी जागी राहते, आवाजाची जाडी एकदम कोसळत नाही आणि गुणगुणही थोडी कमी होते. पुश-पुल पॉट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला वर ओढायचा नॉब, आधीच बसवलेला असेल तर त्यासाठी फक्त एक तार सोडवून मध्ये रेझिस्टर घालावा लागतो.